मनोरुग्णालयाचे बिल कोणाच्या नावावर?

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. एखाद्या खासगी मानसोपचार रुग्णालयाच्या दारात रिक्षा थांबते. चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेला, शेजारी आपल्या जिवावर उठलेत असे सतत बडबडणारा चाळिशीचा माणूस, त्याचा हात घट्ट धरून बसलेली सत्तरीची आई आणि बरोबर धाकटा भाऊ. डॉक्टर तपासतात, दाखल करावे लागेल असे सांगतात. मग काउंटरवरून प्रश्न येतो, ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ ‘भाऊ.’ ‘मग इथे, इथे आणि इथे सही करा.’ भाऊ सही करतो. त्या तीन सह्यांपैकी कोणती दाखल करण्याच्या अर्जावर होती, कोणती उपचारांच्या माहितीपत्रावर आणि कोणती ‘सर्व खर्चाची जबाबदारी माझी राहील’ या ओळीखाली, हे त्याला बिल हातात पडते तेव्हा कळते.

हा प्रसंग कोणा एकाचा नाही. राज्यातल्या कुठल्याही शहरात, कुठल्याही रात्री तो घडू शकतो. मानसिक आजाराच्या उपचारांचा खर्च कायद्याने कोणी द्यायचा, या प्रश्नाला कायद्यात उत्तरे आहेत आणि ती बरीच स्पष्टही आहेत. व्यवहारात मात्र उत्तर काउंटरवर ठरते. जो सोबत आला, ज्याने सही केली, त्याच्या नावावर बिल. जो आलाच नाही, तो मोकळा. ही पद्धत कुटुंबावर अन्याय करते आणि शेवटी त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

कायद्याची भाषा कशी बदलली

मनोरुग्णांच्या खर्चाचा विचार कायद्याने पूर्वीही केला होता. ब्रिटिशांच्या काळातल्या १९१२ च्या कायद्यात त्यासाठी तरतुदी होत्या. पुढे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि १९९३ पासून लागू झाला. त्यात या विषयावर स्वतंत्र प्रकरणच होते. त्याची रचना सरळ होती. ज्या अधिकाऱ्याच्या आदेशाने रुग्ण दाखल झाला, त्याने कोणाकडून खर्चाची हमी घेतली नसेल आणि जिल्हा न्यायालयानेही काही सोय लावली नसेल, तर खर्च सरकारचा. मात्र रुग्णाची मालमत्ता असेल, किंवा त्याला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी असलेली ऐपतदार व्यक्ती असेल, तर सरकार न्यायालयात जाऊन तो खर्च वसूल करून मागू शकत होते. म्हणजे आधी हमी देणारा, मग मालमत्ता व नातेवाईक आणि कोणीच नसेल तर सरकार, असा तो क्रम होता.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा कायदा रद्द केला आणि भाषाच बदलली. नव्या कायद्यात वसुलीचे प्रकरण नाही. त्याऐवजी कलम १८ म्हणते की, सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, तसेच निराधार आणि बेघर व्यक्तीला हे उपचार पूर्णपणे मोफत मिळाले पाहिजेत. तेही केवळ सरकारी रुग्णालयांत नव्हे, तर सरकारने त्यासाठी नेमून दिलेल्या इतर रुग्णालयांतही. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व सरकारी ठिकाणी कायम मोफत हवीत, असेही कायदा सांगतो.

‘खर्च कोणाकडून वसूल करायचा’ या प्रश्नाची जागा ‘सेवा कोणी पुरवायची’ या प्रश्नाने घेतली. हा बदल मोठा होता आणि योग्य होता. पण सेवा पुरेशी नसल्याने रुग्ण खासगी रुग्णालयात जातो, आणि तिथे जुनाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

कोणते नाते, किती जबाबदारी

बहुतेक कुटुंबांचा समज असा की, रक्ताचे नाते म्हटले की खर्च आलाच. कायदा तसे म्हणत नाही. तो नात्यागणिक वेगळा बोलतो.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्यात ‘निर्वाह’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर वैद्यकीय उपचारही येतात. त्यामुळे पत्नी, अज्ञान मुले आणि वृद्ध किंवा अशक्त आईवडील यांच्या उपचारांचा भार टाळता येत नाही. सज्ञान मुलाचे काय? फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, याचे उत्तर देते. शारीरिक किंवा मानसिक दोषामुळे स्वतःचे पोट भरू न शकणारा मुलगा वा अविवाहित मुलगी सज्ञान झाली, तरी ऐपत असलेल्या वडिलांची जबाबदारी संपत नाही. हे कलम सर्व धर्मांना लागू आहे.

आईवडील किंवा ज्येष्ठ नागरिक स्वतः आजारी असतील, तर २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाह मागता येतो. त्यातही उपचारांचा समावेश आहे. मात्र त्याची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपये आहे. खासगी रुग्णालयातल्या मुक्कामापुढे ही रक्कम किती दिवस पुरेल, हे वेगळे सांगायला नको.

आता सुरुवातीच्या प्रसंगातला भाऊ आठवा. भावाने भावाला पोसावे, अशी सर्वसाधारण सक्ती यापैकी कोणत्याही कायद्यात नाही. बहिणीवरही नाही. संस्कार सांगतात, समाज सांगतो, आईचे डोळे सांगतात. पण कायदा सांगत नाही. तरीही काउंटरवर पेन त्याच्याच हातात दिले जाते. आणि एकदा त्याने हमीपत्रावर सही केली, की नात्याने नसलेली जबाबदारी कराराने त्याच्यावर येते.

इथेच सर्वात मोठा घोळ आहे. २०१७ च्या कायद्यात रुग्णाला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर दाखल करण्याचा अर्ज हा प्रतिनिधी करतो. त्याची कर्तव्ये कायद्याने मोजून दिली आहेत. रुग्णाच्या इच्छेचा मान राखणे, निदान व उपचारांची माहिती घेणे, घरी सोडण्याच्या नियोजनात भाग घेणे, हक्कांचा भंग झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागणे. या यादीत ‘बिल भरणे’ कुठेच नाही. रुग्णाचा आवाज होणे आणि रुग्णाचा जामीन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच गठ्ठ्यात दोन्ही कागद पुढे केले, की त्या एक होऊन जातात. मग सावध नातेवाईक दोन्हींपासून लांब राहतो. ज्याला भावाच्या बाजूने बोलायचे आहे, पण लाखाचे बिल पेलवणारे नाही, तो प्रतिनिधी व्हायलाही कचरतो.

रुग्णाची मालमत्ता आणि अडलेले गाडे

रुग्णाने स्वतःच्या पैशातून खर्च द्यावा, हा विचार वावगा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम ६८ सांगते की, करार करण्यास असमर्थ व्यक्तीला जीवनावश्यक गोष्टी पुरवल्या, तर पुरवणाऱ्याला त्याची भरपाई त्या व्यक्तीच्या मालमत्तेतून मिळू शकते. वैद्यकीय उपचार अशाच गरजेत मोडतात. यात ‘मालमत्तेतून’ हा शब्द महत्त्वाचा. मालमत्ता नसेल, तर ती व्यक्ती जन्मभराची ऋणको होत नाही.

इथे एक खबरदारी हवी. मानसिक आजार आहे म्हणजे माणूस करारास असमर्थ, असे समीकरण नाही. २०१७ चा कायदा स्पष्ट सांगतो की, सक्षम न्यायालयाने ठरवल्याखेरीज केवळ आजारामुळे कोणालाही मनोविकल मानता येणार नाही. स्वेच्छेने, समजून-उमजून दाखल झालेला रुग्ण आपल्या बिलाचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. प्रश्न आहे तो इच्छेविरुद्ध दाखल झालेल्यांचा. ज्या मुक्कामाला त्याने होकारच दिला नव्हता, त्याचे बिल बरा झाल्यावर त्याच्या हातात ठेवणे न्याय्य आहे का? यावर आपल्याकडे फारशी चर्चाच झालेली नाही.

वारशाबाबत कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. हिंदू वारसा कायद्याचे कलम २८ सांगते की, कोणताही रोग किंवा व्यंग यामुळे वारसाहक्क जात नाही. म्हणजे वडिलांच्या पश्चात आजारी भावाचा वाटा त्याचाच आहे. अनेक घरांत तो ‘याला काय कळतंय’ म्हणून परस्पर इतरांच्या नावावर चढतो आणि उपचारांच्या वेळी मात्र ‘याच्याकडे काहीच नाही’ असे सांगितले जाते.

उलट अडचणही तितकीच खरी आहे. रुग्णाच्या खात्यात पैसे आहेत, पण आजाराच्या भरात तो सही करत नाही आणि बँक दुसऱ्याला काढू देत नाही. १९८७ च्या कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होते. २०१७ च्या कायद्याने ही सोय काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी दिली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले मर्यादित पालकत्व हा एक मार्ग आहे, पण तो ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या आजारांत मानसिक आजार नाही. त्यामुळे भावाच्या मुदतठेवीतून त्याच्याच उपचारांचे पैसे काढण्यासाठी कुटुंबाला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ येऊ शकते. तोवर बिल कोण भरणार? अर्थात, ज्याची सही आहे तो.

सरकारचा वाटा आणि विम्याचा

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या मंजूर खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे एकूण ५६९५. या चारपैकी एकही मराठवाड्यात नाही, एकही खानदेशात नाही. नंदुरबार किंवा लातूरच्या कुटुंबाला रुग्ण बिथरलेला असताना इतका प्रवास करणे शक्य नसते. ते जवळच्या खासगी रुग्णालयात जाते.

नेमक्या याच कुटुंबासाठी कलम १८ मध्ये एक तरतूद आहे. किमान सेवा सरकारी व्यवस्थेत जिल्ह्यात मिळत नसतील, तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्यसेवेत उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने सोसायचा आहे. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून भरपाई मागण्याची वाटही दिली आहे. ही वाट किती कुटुंबांना माहीत आहे? काउंटरवर हमीपत्र पुढे करताना ‘असाही अर्ज करता येतो’ असे सांगणारा कागद कुठे दिसतो? हक्क कायद्यात आहे, पण तो मागायचा कसा हे गरजूपर्यंत पोहोचलेले नाही.

विम्याची कथा थोडी बरी आहे, पण तीही झगडून मिळवलेली. कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ‘इर्डा’ने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले. तरीही दावे नाकारले जात राहिले. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे बंधन कायदा लागू झाला तेव्हापासूनच, म्हणजे २०१८ पासून आहे. पॉलिसीतल्या जुन्या अपवादाची ढाल चालणार नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘इर्डा’ला पुन्हा मुदत घालून द्यावी लागली. ज्यांचा दावा ‘मानसिक आजार आमच्या यादीत नाही’ या कारणाने फेटाळला गेला असेल, त्यांनी तो मुकाट्याने सोडून देऊ नये.

पण विम्याची एक मूळ मर्यादा आहे. बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. मानसिक आजारात खरा खर्च वर्षानुवर्षांच्या गोळ्या, तपासण्या आणि प्रवासाचा असतो. निम्हान्सच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक आजार असल्याचे आढळले. उपचार आणि प्रवासावर कुटुंबाचे महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये जातात, असेही दिसले. हातावर पोट असणाऱ्या घरात हाच खर्च आधी तुटतो. गोळ्या बंद होतात, आजार उलटतो आणि मग दाखल करण्याची, म्हणजे कितीतरी मोठ्या बिलाची वेळ येते. छोटा खर्च नाकारणारी व्यवस्था शेवटी मोठा खर्च ओढवून घेते.

पैशाचा प्रश्न माणसावर उलटतो तेव्हा

खर्चाची जबाबदारी धूसर राहिली की नातेवाईक टाळू लागतात. पहिल्या वेळी सही करून पोळलेला भाऊ दुसऱ्या वेळी फोन उचलत नाही. चुकीचा पत्ता देऊन निघून जाणारेही असतात. बरे झालेले, पण घरचे न्यायला न आलेले लोक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहतात. त्यांत नवऱ्याने सोडलेल्या बायका असतात. आजाराच्या कारणाने घटस्फोट मागता येत असला, तरी पोटगीची आणि उपचारांची जबाबदारी त्याने आपोआप संपत नाही. पण ती मागायला त्या बाईच्या बाजूने उभे राहणार कोण?

कायद्याचे कलम १९ सांगते की, केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी समाजात राहण्याची घरे, मध्यवर्ती निवारे सरकारने उभारायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये याच मुद्द्यावर महाराष्ट्राला फटकारले होते. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे कायद्याच्या हेतूलाच धरून नाही, असे न्यायालयाने बजावले. आजारातून उठलेल्या माणसाची रवानगी भिक्षेकरी गृहात व्हावी, यापेक्षा ‘खर्च कोणाचा’ या प्रश्नाचे क्रूर उत्तर असू शकत नाही.

काय करता येईल

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने हमीशिवाय दाखल करायचे, तर परिचारिकांचे पगार कुठून द्यायचे? सरकारने भार उचलावा म्हटले, की दुसरा आक्षेप येतो. मग ऐपतदार घरेही रुग्णाला सरकारच्या गळ्यात टाकून मोकळी होतील. पहिल्याला उत्तर असे की, हमीपत्र रद्द करा असे कोणी म्हणत नाही. ते प्रामाणिक करा एवढेच मागणे आहे. दुसऱ्याला उत्तर असे की, निर्वाहाचे कायदे शाबूत आहेत. ज्याच्यावर कायदेशीर जबाबदारी आहे, त्याच्याकडून सरकारने खुशाल ती पार पाडून घ्यावी. गळ्यात टाकणे आजही होतेच आहे. फरक इतकाच, की आज ते ऐपतीवर नव्हे, निर्ढावलेपणावर ठरते.

पहिली सुधारणा फुकटात होण्यासारखी आहे. दाखल करण्याचा अर्ज आणि खर्चाचे हमीपत्र हे दोन वेगळे कागद असावेत, मराठीत असावेत. हमीपत्रावर अंदाजे दिवस, दिवसाचा दर आणि हमीची कमाल रक्कम लिहिलेली असावी. ती ओलांडायची वेळ आली, तर पुन्हा विचारावे. बिल थकले म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने पुढे ठेवलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. तेही त्याच कागदावर छापावे.

दुसरी सुधारणा सरकारने करायची आहे. भरपाईच्या अर्जाचा नमुना प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि प्रत्येक खासगी मानसोपचार रुग्णालयाच्या भिंतीवर लागला पाहिजे. जिथे सरकारी खाटा नाहीत, त्या जिल्ह्यांत खासगी रुग्णालयांतल्या काही खाटा गरिबांसाठी नेमून देण्याचा अधिकार कायद्यानेच सरकारला दिला आहे. तो वापरावा आणि त्या रुग्णालयांचे पैसे वेळेवर द्यावेत.

तिसरी संसदेने. रुग्णाच्या मालमत्तेचे व्यवस्थापन जिल्हा पातळीवर, वर्षातून एकदा हिशोब तपासून, त्याची लूट होणार नाही अशा बंदोबस्ताने करण्याची सोय कायद्यात परत आणायला हवी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर रात्री अकरा वाजता काउंटरवर उभ्या असलेल्या भावाने एवढे तरी करावे. तीन सह्या करण्याआधी तिन्ही कागद वाचावेत. कोणती सही भावासाठी आहे आणि कोणती बिलासाठी, हे विचारावे. विचारण्यात माणुसकीला कमीपणा नाही. उलट, ज्याला आपली जबाबदारी कुठवर आहे हे नेमके ठाऊक असते, तोच दुसऱ्यांदाही सोबत येतो. आणि बहुतेक गंभीर मानसिक आजारांत दुसऱ्यांदा सोबत येणारे माणूस असणे, हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार असतो.